जावेचा रोबोट

कुंभार पिंपळगावच्या बाजारात खेळणं घ्यायचं तर कौसल्याबाईच्या पालावर, असं आसपासच्या दहा-बारा गावांत ठरूनच गेलं होतं. पाल म्हणजे तरी काय, चार बांबू, वर निळी ताडपत्री, खाली गोणपाट. त्यावर भिंगऱ्या, पिपाण्या, चावीची बदकं, प्लास्टिकचे ट्रॅक्टर. हाच माल बाजारात आणखी दोघा-तिघांकडे मिळायचा. पण कौसल्येची रीत निराळी होती. गिऱ्हाइकानं एखादं खेळणं पसंत केलं की ती ते त्याच्या हातातून काढून घ्यायची, कमरेइतक्या उंचीवरून खाली टाकायची, चाकं ओढून बघायची, ओल्या फडक्यानं रंग घासून बघायची आणि मगच म्हणायची, "न्या." कधी कधी म्हणायची, "हे नका नेऊ. चार दिवसांत डोळा निघंल बाहुलीचा." आपलाच माल नको म्हणणारी बाई लोकांनी दुसरी पाहिली नव्हती.

ही रीत तिला चाँदभाईंनी लावली. लग्न होऊन सासरी आल्यावर, एक्क्याऐंशी-ब्याऐंशी साली, ती बाजारात घरचे मूग आणि मेथी घेऊन बसायची. शेजारी जालन्याहून येणारे चाँदभाई खेळणी मांडायचे. चार वर्षं शेजार चालला. मग त्यांची नजर अधू झाली, एसटीचा प्रवास झेपेना, तेव्हा त्यांनी आपली जागा आणि उरलेला माल कौसल्येच्या हवाली केला. जाताना म्हणाले, "बाई, बच्चों की चीज है. पैले खुद के हात से तोड के देख. तुझसे नै टूटी तो बेच."

घरात केवढा गदारोळ झाला. नवरा रामकिसन मुळातच कमी बोलणारा. तो कपाशीत आणि तुरीत गुंतलेला, त्यानं हो म्हटलं नाही आणि नाही पण म्हटलं नाही. सासू झुंबरबाई मात्र पेटल्या. "चांगल्या घरची सून बाजारात पिपाण्या फुंकत बसली," असं त्या भेटेल त्याला सांगायच्या. एक अख्खा उन्हाळा त्या कौसल्येशी बोलल्या नाहीत. कौसल्येनं तेही सोसलं. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कोणत्या बदकाची स्प्रिंग कुठे अडते, कोणत्या ट्रॅक्टरचं चाक आधी निखळणार, हे ती नुसतं हातात धरून सांगायची. बाजारातली बायामाणसं तिला विचारायला यायची. त्या विचारण्याची तिला हळूहळू सवय लागली, आणि सवयीपेक्षाही जास्त काहीतरी लागलं.

एक्याण्णव साली धाकटा दीर मच्छिंद्र याचं लग्न झालं आणि शिवकन्या घरात आली. बदनापूरची, दहावी पास, बोलायला चुणचुणीत, हसली की समोरचा हसलाच पाहिजे. पहिली दोन वर्षं कौसल्येनं तिला पोटच्या पोरीसारखं वागवलं. बाजाराला सोबत न्यायची. गोणपाट कसं अंथरायचं, वाऱ्यात भिंगऱ्या कुठे खोचायच्या, रडणारं पोर कसं थांबवायचं, सगळं शिकवलं.

मग एके दिवशी विहिरीवर तिनं सासूचे शब्द ऐकले. झुंबरबाई शेजारणीला सांगत होत्या, "आमच्या धाकलीचं बोलनं ऐकलं का बाजारात? वकिलावानी बोलती!"

हीच सासू. ह्याच पिपाण्या. कौसल्येनं घागर कमरेवर घेतली आणि घरी आली. त्या दिवशी तिनं शिवकन्येला भाजीत मीठ जास्त झालं म्हणून बोल लावला. भाजी कौसल्येनंच केलेली होती.

सत्त्याण्णव साली मच्छिंद्रला जालन्यात एका बियाण्यांच्या गोदामात काम लागलं. नवरा-बायको तिकडे राहायला गेले. कौसल्येला वाटलं, बरं झालं. पण सहा महिन्यांत शिवकन्या बाजाराच्या दिवशी जीपमधून उतरली, दोन खोकी डोक्यावर, आणि सरळ कौसल्येच्या पालापुढे येऊन उभी राहिली.

"जाऊबाई, म्या पन पाल लावू का? तुमच्या शेजारी न्हाई लावत, तिकडं लांब लावते. जालन्यात माल बराबर भेटतो मला."

"लाव की. बाजार काय माझ्या बापाचा हाय?" कौसल्या हसून म्हणाली. त्या दुपारी तिची भाकरी फडक्यात तशीच राहिली.

शिवकन्येनं लांब म्हणजे बाजाराच्या दुसऱ्या टोकाला, कापडवाल्यांच्या पलीकडे पाल लावलं. तिची ताडपत्री पिवळी होती. ऊन तिच्यातून झिरपून खाली आलं की साधा चेंडूसुद्धा सोन्यासारखा दिसायचा. कौसल्येनं पुढच्या महिन्यात अंबडला जाऊन पिवळी ताडपत्री शोधली. मिळाली नाही. मिळाली ती मातकट. तिच्याखाली सगळा माल आजारी दिसायला लागला, तेव्हा तिनं पुन्हा निळी काढली. गिऱ्हाईक नसलं की ती उभी राहून, कमरेवर हात देऊन, कापडवाल्यांच्या वरून पिवळ्या पालाखालची डोकी बघत बसायची. आपल्याकडची डोकी बघायची. पुन्हा तिकडची. शेजारी मिरच्या विकणारी द्वारकाबाई म्हणायची, "मान अखडंल गं तुझी." कौसल्या म्हणायची, "म्या तर ढग पाहून राह्यले."

असं चार वर्षं चाललं. मग दोन हजार एक साली, दिवाळीला तीन बाजार उरलेले असताना, शिवकन्येकडे रोबोट आला.

कौसल्येनं तो आधी पाहिलाच नाही, त्याच्याबद्दल ऐकलं. दर दिवाळीला तिच्याकडून ट्रॅक्टर नेणारा एक बाप पोराला घेऊन आला, पोरानं ट्रॅक्टर हातात घेतला, ठेवला, आणि म्हणालं, "मला तिकडचा माणूस पायजे. गाडी होतो तो." बाप ओशाळून हसला आणि पोराच्या मागे गेला. तासाभरात असे पाच-सहा जण गेले. पिवळ्या पालापुढे पोरं उकिडवी बसली होती, आणि मधूनमधून एकदम ओरडत होती.

कौसल्येला राहवेना. पण जावेच्या पालावर जाऊन बघायचं? जीव गेला तरी नाही.

"द्वारके, एक काम कर," ती हळूच म्हणाली. "तुझ्या नातवासाठी म्हून एक घेऊन ये त्यातला. माझं नाव काढू नको."

"अगं तुझी जाऊ हाय. मागितलास तर फुकट दील."

"म्हूनच तर."

द्वारकाबाई गेली आणि खोकं घेऊन आली. कौसल्येनं ते न उघडता पदराखाली धरलं आणि घरी नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाकऱ्या झाल्यावर ती ओसरीवर खोकं घेऊन बसली. आत एक लाल-निळा माणूस होता, हाताच्या मधल्या बोटाएवढा. सोबत एक तीनचाकी गाडी, काडीपेटीपेक्षा थोडी मोठी. खोक्यावर चित्रं होती: माणसाचं डोकं छातीत ढकलायचं, हात मागं वळवायचे, पाय गुडघ्यात मोडून वर घ्यायचे, की त्याची जीप व्हायची. आणि तीनचाकी उलगडली की तिची व्हायची तोफ. माणूस तिच्यामागं उभा राहायचा. चित्रात सोपं वाटत होतं. कौसल्येनं डोकं ढकललं, हात वळवले, पाय अडकले. पुन्हा केलं. जीप अर्धी झाली, अर्धा माणूस राहिला, उताणा पडलेल्या झुरळासारखा. दहा वेळा केलं. तिला घाम फुटला. हे पोरांना जमतं आणि मला जमत नाही, या विचारानं कानशिलं तापली.

रामकिसन दुपारी जेवायला आला तेव्हाही ती तिथंच बसलेली होती.

"काय करून राह्यलीस?"

"मोडून पाहून राह्यले."

"मंग, मोडलं का?"

"न्हाई."

"मंग?"

"तुमी जेवा आन् जा वो शेतात."

तो गेला. तिनं माणसाला शहाबादी फरशीवर टाकलं. टक्कन हात निघाला आणि कोपऱ्यात जाऊन पडला. कौसल्येचा चेहरा उजळला. तिनं हात उचलला, खांद्याशी नेला, जरा दाबला. कट् करून परत बसला, अगदी होता तसा. तिनं पुन्हा टाकलं. पुन्हा निघाला, पुन्हा बसला. ज्यानं केला त्यानं तो निघावा म्हणूनच तसा केला होता. निघाला म्हणून मोडत नव्हता. तिनं ओलं फडकं घेऊन रंग घासला, फडकं पांढरंच राहिलं. पत्र्यावर दोन दिवस उन्हात ठेवला, वाकला नाही. तीनचाकीचा आस ओढला. आत बारीक लोखंडी तार होती, चाक हललं नाही. माणूस नुसता उभा केला की पाठीच्या वजनानं मागं पडायचा. तिला वाटलं, सापडली खोट. पण तीनचाकीमागं उभा केला की पडेना. पायाच्या टाचेत दोन खाचा होत्या, त्या गाडीच्या दांड्यात बसायच्या. तेही करणाऱ्यानं आधीच पाहून ठेवलं होतं.

तिसऱ्या दिवशी खोट सापडली. तीनचाकीच्या तोंडाला एक बंदूक होती, तुरीच्या दाण्याएवढी. नखानं उचकली की सुटायची. रांगतं पोर घरात असलं तर ती सरळ तोंडात जाणार. कौसल्येनं ती तळहातावर घेतली आणि कितीतरी वेळ बघत बसली. बंदूक काढून फेकली की संपलं. बाकी खेळण्यात खोट नव्हती. पंधरा वर्षांत तिच्या गोणपाटावर असा माल एकदाही आला नव्हता, आणि आला तो तिच्या हातून शिकलेल्या बाईकडे. खेळण्याला नावं ठेवता आली असती तर तिला बरं वाटलं असतं. ती नुसती बसून माणसाची जीप करत राहिली, जिपेचा माणूस. आता बोटांना विचारावं लागत नव्हतं.

पुढच्या बाजाराला अंगणवाडीच्या पुष्पाबाई आल्या. पुष्पाबाईंनी घेतलं की वाडीवस्तीवरच्या तीस आया तेच घ्यायच्या.

"कौसल्याबाई, तिकडं तो रोबोट निघालाय. घ्यावा का हो? तुम्ही सांगाल तसं."

बंदुकीचं कौसल्येच्या जिभेवर आलेलं होतं. पण ते सांगायचं तर पुढचंही सांगावं लागलं असतं, की बाकी बिलकुल चांगला आहे, डोळे झाकून न्या. आणि हे वाक्य तिला म्हणायचं नव्हतं. ती म्हणाली, "नका नेऊ बाई. पाय निखळतो त्याचा. परत बसत न्हाई. दिवाळीपुरता बी टिकायचा न्हाई."

"अगंबाई! बरं झालं विचारलं."

पुष्पाबाई गेल्या. दुपार व्हायच्या आत पिवळ्या पालापुढची पोरं आयांनी दंडाला धरून उठवली. कौसल्या कमरेवर हात देऊन उभी होती. तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं. द्वारकाबाईनं भजी आणली, ती तिनं चवीनं खाल्ली आणि एका पोराला फुगा फुकट दिला. त्या आठवड्यात ती घरात गुणगुणत होती आणि झुंबरबाईंनी तिला विचारलं, "आज काय गं हाय?"

दिवाळीआधीचा बाजार म्हणजे वर्षाचा बाजार. कौसल्येकडे पाय ठेवायला जागा नव्हती. ऐन दुपारी गर्दीतून वाट काढत शिवकन्या आली. हातात रोबोटचं खोकं, चेहरा उतरलेला. तिच्या मागोमाग तिकडच्या दोन-तीन बाया पण आल्या, कौसल्या काय म्हणते ते ऐकायला.

"जाऊबाई, एवढं पाहून द्या. लोक म्हनतेत पाय निखळतो आन् बसत न्हाई. म्या चार खोकी फोडली, मला तर तसं दिसना. तुमी पाहा. तुमी सांगितलं की लोक ऐकतेत."

तिला माहीत नव्हतं. काय सांगितलं ते तिच्या कानावर आलं होतं, कुणी सांगितलं ते आलं नव्हतं. कौसल्येनं ते ओळखलं आणि क्षणभर तिचा जीव भांड्यात पडला. तिनं खोकं घेतलं, माणूस बाहेर काढला. मान वर करून शिवकन्येला काहीतरी बोलत असताना तिच्या बोटांनी डोकं आत ढकललं, हात मागं नेले, पाय मोडले. श्वास घ्यायच्या आत तळहातावर जीप उभी होती.

शिवकन्या जिपेकडे बघत राहिली.

"मला दोन दिवस लागल्ते," ती सावकाश म्हणाली. "दहावी पास असून. तुमच्या दिराला तर अजून जमत न्हाई."

कौसल्येनं जीप मुठीत झाकली, पण आता उशीर झाला होता. द्वारकाबाई मिरच्यांची देठं खुडायला लागली.

"तुमी खोलून पाह्यला व्हता," शिवकन्या म्हणाली.

"व्हय."

"मंग पाय..."

"बसतो." कौसल्येचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. भोवती आठ-दहा बाया थांबल्या होत्या. तिनं जिपेचा माणूस केला आणि सगळ्यांदेखत दगडावर आपटला. हात उडाला. तिनं उचलून बसवला. पाय ओढून काढला, बसवला. "बसतो. म्या पुष्पाबाईला खोटं सांगितलं. माल चांगलाय. फकस्त ही गाडीवरची बंदूक काढून घ्या, लहान पोराच्या घशात जाईल. बाकी न्या."

शिवकन्येनं हात पुढे करून खेळणं परत घेतलं.

"हे मला पैल्याच बाजाराला सांगितलं असतं तर म्या सगळ्या बंदुका काढून ठेवल्या असत्या."

"व्हय."

"कामून न्हाई सांगितलं?"

कौसल्येला बऱ्याच सबबी सुचल्या. एकही नीट उभी राहीना. "तुझ्याकडं गर्दी व्हती म्हून," ती म्हणाली.

शिवकन्या वळली आणि गर्दीत गेली. संध्याकाळपर्यंत तिचे थोडे रोबोट गेले, पण दिवाळीचा जोर तोवर सरला होता; उरलेली खोकी तिनं जीपमध्ये चढवली आणि जालन्याला नेली.

त्या दिवाळीला मच्छिंद्र एकटाच गावी आला. शिवकन्येला बरं नाही म्हणाला. झुंबरबाईंनी तीन-तीनदा विचारलं, काय झालंय, आणि कौसल्या करंज्या तळत खाली मान घालून बसली. रामकिसनला सगळं ठाऊक होतं. बाजारातलं गावात यायला वेळ लागत नाही. त्यानं एवढंच विचारलं, "कामून केलंस?" तिनं भाकरी त्याच्या पुढ्यात ठेवली, आणि त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही.

खरी झळ तिला पुढे लागली. ती आधीसारखीच माल टाकून बघायची, "हे नका नेऊ" म्हणायची, आणि गिऱ्हाईक आता थांबून विचारायचं, "खरंच का, कौसल्याबाई?" हसतच विचारायचं. पण विचारायचं. एका बाईनं तर तिनं नको म्हटलेली बाहुली हट्टानं नेली. दोन शब्दांचा तो प्रश्न पुढची दोन-तीन वर्षं तिच्या पालावर येत राहिला.

शिवकन्या संक्रांतीला आली. घरात बोलणं कामापुरतं झालं. दुसऱ्या दिवशी दोघी अंगणात भांडी घासायला बसल्या, कौसल्या घासत होती, शिवकन्या विसळत होती. एकाएकी शिवकन्या म्हणाली, "तुमाला वाटतं माझ्याकडं गर्दी व्हती. गर्दी व्हती, पन बाया काय म्हनायच्या ठाऊक हाय? 'थांब, कौसल्याबाईला इचारून येते.' माझ्या तोंडावर. मला इतका राग यायचा तुमचा! एकदा तर वाटलं, तुमचं पाल वाऱ्यानं उडून जावं."

कौसल्येनं घासणं थांबवलं. "कवा?"

"लई वेळा."

हे ऐकून दोघींचं मनोमीलन झालं असं कुणी समजू नये. कौसल्येला बरं वाटलं, पण ते बरं वाटणं चांगलं नव्हतं. आपल्यावर कुणी जळतं, याचंच होतं. तिनं परात पुढे सरकवली आणि म्हणाली, "नीट विसळ, राख राह्यली."

दोन हजार चार साली शिवकन्येनं अंबडला बसस्टँडच्या बाजूला दुकान टाकलं. काचेची कपाटं, आत ट्यूबलाइट, वर पाटी. उद्घाटनाला कौसल्या नवं लुगडं नेसून गेली. नारळ फुटला, पेढे वाटले, आणि कपाटातल्या रांगा पाहता पाहता तिनं आपला पेढा रुमालात बांधून ठेवला. पुढे दोन वर्षांनी तिचे गुडघे गेले. पाल आवरलं. जागेवर आता एक चपलावाला बसायला लागला.

गुडघ्यांच्या औषधाला तिला महिन्यातून एकदा अंबडला जावं लागायचं. एसटीला वेळ असला की ती शिवकन्येच्या दुकानात टेकायची. शिवकन्या तिला स्टूल द्यायची, शेजारच्या हॉटेलातून चहा सांगायची, नवा माल आला असेल तर समोर ठेवायची. "पाहा बरं, जाऊबाई." आणि कौसल्या पाहून होईपर्यंत ती समोरून हलायची नाही. गल्ल्यावर गिऱ्हाईक आलं तरी डोळा इकडेच, ही पुन्हा काही खोटं सांगेल की काय म्हणून. आधी कौसल्येला त्याचा अपमान वाटायचा. पुढे तिनं त्यावर बोलणं सोडलं. सांगायचं ते खरं सांगायची, थोडक्यात सांगायची.

अशाच एका दुपारी एक तरुण बाई दुकानात आली. तिनं बॅटरीवरची गाडी उचलली आणि शिवकन्येला विचारलं, "टिकंल का हो, ताई?"

शिवकन्येनं गाडी हातात घेऊन उलटी केली, चाक ओढून पाहिलं आणि म्हणाली, "ही नका नेऊ. त्यापेक्षा ती लाल न्या." बाईनं दुसऱ्या कुणाकडे पाहिलं नाही, लाल गाडी घेतली आणि निघून गेली.

स्टुलावर बसून कौसल्येनं हे सगळं पाहिलं. चाक तसं ओढायचं नसतं, अंगठा आतून लावायचा असतो. तिच्या तोंडावर आलं होतं. तेवढ्यात चहा आला. तिनं तो बशीत ओतला आणि दुकानाकडे पाठ करून, रस्त्यावरच्या गाड्या बघत प्याली.